गार्डवरचा ओला रंग

सर, तुमच्या नावाची पाटी परवा आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या दारावर लागली. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं आहेत, नावाखाली 'माजी प्राचार्य' लिहिलंय. मी तिथं होते. मला पहिल्या रांगेत तुमच्या पत्नीच्या, अक्कांच्या शेजारी बसवलं होतं आणि तुमची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. मी काय बोलले ते तुम्हाला सांगायचंय. पण नुसतं तेवढं सांगून भागणार नाही, कारण तुमच्या हयातीतली शेवटची कितीतरी वर्षं मी तुमच्याशी बोललेच नाही. तुम्ही गेलात तेव्हाही मी आले नव्हते. माझे वडील, आबा आले होते, डाव्या हातात हार घेऊन. घरी येऊन त्यांनी आंघोळ केली, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला तेव्हा त्यांची कीव आली होती. ज्या माणसानं आपल्याला फसवलं त्याच्यासाठी हे उपाशी राहतात, असं वाटलं होतं.

अकरावीचा तुमचा वर्ग मला अजून दिसतो. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज नुकतंच सुरू झालंय, पोरांच्या बोटांना अजून फटाक्यांच्या दारूचा वास आहे. तुम्ही टेबलाला टेकून उभे आहात आणि विचारताय, "मडक्यात फटाका कुणीकुणी लावला?" मागच्या बाकांवर खसखस पिकते, चार हात वर होतात. "फुटायच्या आधी मडकं कुठं चाललं होतं?" "कुठंच नाही सर, जागेवर होतं." "मग त्याचा संवेग किती?" "शून्य." "आणि फुटल्यावर?" तुम्ही फळ्याकडे वळून बाण काढता, एक लांब, एक आखूड, एक तिरका. म्हणता, फुटल्यावरसुद्धा सगळ्यांची बेरीज शून्यच. एक तुकडा पूर्वेला गेला तर पश्चिमेला काहीतरी गेलंच पाहिजे. हलका तुकडा जोरात जाईल, जड तुकडा सावकाश जाईल, पण बेरीज बदलणार नाही. मग थांबून विचारता, "समजा सगळे तुकडे पूर्वेलाच सापडले. पश्चिमेला काहीच नाही. तर काय म्हणाल?" मी कधी न बोलणारी मुलगी, पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "तर अजून शोधायला पाहिजे, सर. पश्चिमेला काहीतरी असणारच."

तुम्ही खडू खाली ठेवलात. नाव विचारलंत, वडील काय करतात विचारलंत. मी सांगितलं, फाउंड्रीत ग्राइंडरवर असतात. साच्यातून निघालेलं कास्टिंग ओबडधोबड असतं, त्याच्या कडा ते फिरत्या दगडावर घासून साफ करतात. पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "म्हणजे फिरणारी वस्तू तुझ्या घरातच आहे की." सीमेकडच्या तुमच्या गावचा तो हेल, वाक्याच्या शेवटी आदळणारा 'की', मला अजून ऐकू येतो. त्यानंतर तुम्ही मला तास संपल्यावर प्रयोगशाळेत थांबवायला लागलात. दोन छोट्या गाड्या, मधे दाबलेली स्प्रिंग, वरून बांधलेला दोरा. दोरा जाळायची काडी तुम्ही माझ्या हातात दिलीत. दोरा जळला, गाड्या दोन दिशांना सुटल्या, आणि मला वाटलं की जगात एक तरी गोष्ट अशी आहे जी कुणाचं तोंड बघून बदलत नाही. हे मी घरी आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असं सांगणारा मास्तर मिळाला म्हंजे नशीबच की तुझं."

बारावीला होते तेव्हा तुमच्याच तासाला शिपाई दारात आला आणि माझ्याकडे बोट दाखवून तुमच्या कानात काहीतरी बोलला. तुम्ही पुस्तक मिटलंत. स्वतःच्या स्कूटरवर बसवून मला सरकारी दवाखान्यात नेलंत. ग्राइंडरचा दगड फिरता फिरता फुटला होता आणि त्याचा एक तुकडा आबांच्या उजव्या खांद्यात घुसला होता. जीव वाचला, हात शरीराला राहिला, पण पुढं तो हात कधी वर उचलला गेला नाही. व्हरांड्यात आई भिंतीला डोकं टेकून बसली होती. तुम्ही तिच्यासाठी चहा आणलात, कप तिच्या हातात धरून ठेवलात. हे मी विसरले नाही, सर. विसरता आलं असतं तर सोपं झालं असतं.

आबांचे कपडे आणि डबा आणायला दुसऱ्या दिवशी मी फाउंड्रीच्या शेडवर गेले. चौकशी सुरू झाली होती. कामगार कार्यालयाचे साहेब आले होते, आणि त्यांच्याबरोबर तुम्ही. मालक आपल्या कॉलेजच्या संस्थेत होते, त्यांनीच तुमचं नाव सुचवलं होतं, भौतिकशास्त्रातला जाणकार माणूस म्हणून. मला तुम्हाला बघून रडूच आलं. जमिनीवर पोतं अंथरून त्यावर दगडाचे सापडलेले तुकडे ठेवले होते. दोनच. एक आबांच्या खांद्यातून काढलेला, दुसरा पुढच्या बाजूचा पत्रा फाडून बाहेर पडलेला. दोन्ही जोडले तरी अर्धासुद्धा दगड होत नव्हता. मशीनच्या मागच्या भिंतीवर ओल्या सिमेंटचं ठिगळ होतं. आणि दगडाच्या मागून वरून जो लोखंडी गार्ड असायला पाहिजे, दगड फुटला तर तुकडे अडवायला, तो गार्ड तिथं होता. काळा कुळकुळीत. त्याच्यावर एक ओरखडा नव्हता.

मला काही बोलायची गरजच नव्हती. दगड फिरत होता पण जागेवर, मडक्यासारखा. दोन तुकडे पुढं गेले म्हणजे राहिलेला मोठा तुकडा मागं गेला. मागं गार्ड असता तर त्याला पोचा आला असता. गार्डला पोचा नाही आणि भिंतीला ठिगळ आहे, म्हणजे दगड फुटला तेव्हा गार्ड नव्हता, नंतर बसवला. तुम्ही पुढं झालात आणि गार्डवरून बोट फिरवलंत. बोटाला काळा रंग लागला. तुम्ही रुमाल काढून बोट पुसलंत आणि माझ्याकडे बघितलंत. सर, त्या एका नजरेवर मी सगळी चौकशी निश्चिंत काढली. दवाखान्यात जाऊन मी आबांना म्हटलं, सरांनी बघितलंय. आबा म्हणाले, "सर हायत म्हंजे काय काळजी न्हाय."

सुनावणीला आबा येऊ शकत नव्हते. मी आणि मामा गेलो. तुम्ही उठलात आणि वर्गात बोलता तशाच शांत आवाजात सांगितलंत की गार्ड जागेवर होता. कामगारानं जड कास्टिंग दगडाच्या बाजूनं दाबलं, त्यामुळे दगडाची कड तुटली, बाकीचा दगड मशीनवरच राहिला होता आणि साफसफाईत फेकला गेला. दोष हाताळणीचा आहे. मामा माझ्याकडे बघायला लागले, कारण घरी मीच त्यांना चित्र काढून सगळं समजावलं होतं. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही एकदाही मान वर केली नाहीत. 'हाताळणीचा दोष' हे शब्द मग शेडमध्ये फिरले, गल्लीत फिरले. वीस वर्षं त्या दगडाशी काम केलेल्या माणसाला लोक म्हणायला लागले, घाई नडली त्याला. आई नळावर पाण्याला जायची ती लोकांची पाठ फिरल्यावर जायची.

मी तुमच्या घरी आले तो दिवस तुम्हाला नक्की आठवत असणार. अक्कांनी दार उघडलं, "ये की आत," म्हणाल्या आणि पाणी आणायला वळल्या. मी आत आले नाही. उंबऱ्यातूनच म्हटलं, सर, दोनच तुकडे पुढं सापडले, बाकीचा दगड कुठं गेला? भिंतीला सिमेंट ओलं होतं. रंग तुमच्या बोटाला लागला होता. तुम्ही चष्मा काढून हातात धरलात आणि म्हणालात, "नियमाला अट असते, बाळ. बाहेरचं बल नसेल तर." मी म्हटलं, म्हणजे? "मशीन जमिनीला बोल्टनं आवळलेलं होतं. राहिलेला दगड मशीननं धरून ठेवला असेल." "असेल?" "असेल." मी ओरडले. गल्लीतली दारं उघडली असतील इतक्या मोठ्यानं ओरडले. "सर, तुम्ही खोटं बोलताय, आणि खोटं बोलायला तुम्ही आपला विषय वापरताय." अक्का तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तुम्ही रागावला नाहीत, नाकारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "अभ्यास सोडू नकोस." मी म्हटलं, "शिकीन. पण तुमच्याकडून नाही."

पुढच्याच वर्षी तुम्ही प्राचार्य झालात, आणि बाहेरचं बल कुठून आलं होतं ते मला कळलं असं मला वाटलं. बारावी झाली, बीएस्सी झालं, एमएस्सी झालं. माझी फी संस्थेनं माफ केली होती. हुशार आणि गरजू म्हणून, असं मला सांगितलं होतं, आणि मी ते खरं मानलं होतं. आबांनी शेड सोडली, कळंब्याकडे एका मंगल कार्यालयात वॉचमन म्हणून राहिले. मी गारगोटीला नोकरीला लागले, तुमचाच विषय शिकवायला लागले. मधे एकदा बातमी आली की त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर, दुसऱ्या एका माणसाचा डोळा गेला. गार्ड परत काढून ठेवला होता म्हणे, कामाला अडचण होते म्हणून. त्या दिवशी वर्गात मला फळ्यावर बाण काढता आले नाहीत. मी मुलांना वाचत बसायला सांगितलं. आणि दर हिवाळ्यात गुऱ्हाळं सुरू झाली की आबा आत्याकडून गुळाची एक ढेप आणवून तुमच्या घरी पाठवायचे. मी चिडायचे. "त्यांनी तुमच्यासाठी काय केलं, आबा?" ते म्हणायचे, "मास्तर हायत तुझं." मला वाटायचं, या भोळ्या माणसाला सुनावणीत काय झालं ते नीटसं कळलेलंच नाही, आणि ते त्यांना समजावून सांगण्याइतकी मी दुष्ट नाही.

गेल्या महिन्यात अक्कांचा फोन आला. आवाज पार थकलाय त्यांचा. म्हणाल्या, "प्रयोगशाळेला ह्यांचं नाव द्यायलेत. तू बोलायला पाहिजेस की." मी नाही म्हटलं. कॉलेजला काम आहे, असं सांगून फोन ठेवला. आबा कट्ट्यावर बसून ऐकत होते. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर येतं. म्हणाले, "जा की." मी म्हटलं, "त्या माणसाचं कौतुक माझ्या तोंडून होणार नाही." "का?" "का म्हणजे? तुम्हाला खरंच माहीत नाही, आबा? त्यांनी खोटी साक्ष दिली. तुमच्यावर घातलं सगळं." आबा बराच वेळ आपला उजवा हात डाव्या हातानं मांडीवर नीट ठेवत बसले. मग म्हणाले, "मीच सांगिटलंतं त्यास्नी."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते समोरच्या रस्त्याकडे बघत सांगत गेले. "सर दवाखान्यात आलतं. तू भाकरी आणाय घरला गेलतीस. म्हणालं, गार्ड नव्हता, मी बघितलंय, मी खरं बोलतो. पर खरं बोलल्यावर काय हुईल ते आधी ऐका. मालक वरच्या कोर्टात जाणार, त्येच्या वर जाणार, वर्सं जातील. आन पोरगी त्येंच्याच कॉलेजात हाय. मी इचार केला. माझा हात तर गेलताच, तो काय कोर्टातनं परत मिळणार न्हवता. मी म्हटलं, सर, माझीच चूक झाली म्हणून सांगा, आन त्येच्या बदल्यात पोरीचं शिक्षाण शेवटपतूर करायचा शबूद मालकाकडनं घ्या." मी विचारलं, "आणि सर हो म्हणाले?" "न्हाय की. उठून चाललं हुतं. म्हणालं, असलं मला सांगू नका. मी त्यांच्या पायाला हात लावला. डाव्या हातानं. तवा बसलं परत." मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं?" आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सांगिटलं असतं तर तू शिकली असतीस व्हय?"

मी उठून आत गेले. त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. ताट वाढायचे, समोर ठेवायचे, निघून यायचे. सर, मला वाटलं होतं की खरं कळल्यावर तुमच्यावरचा राग जाईल. तो गेला नाही. तो दोघांत वाटला गेला आणि दोघांसाठीही पुरून उरला. तुम्ही दोघं खाटेच्या काठावर बसलात आणि माझं आयुष्य ठरवून मोकळे झालात. एकानं आपलं नाव दिलं, दुसऱ्यानं आपली जीभ दिली, आणि मी भाकरी आणायला गेले होते. फीमाफी मी माझ्या हुशारीवर मिळवली असं समजून ताठ मानेनं चालत राहिले. तुमच्या दारात ओरडले तेव्हा तुम्ही एक वाक्य बोलला असतात तरी पुरलं असतं. तुम्ही नियमाची अट सांगितलीत. आबांना दिलेला शब्द पाळलात, हे आता मला समजतं. पण ज्याचा डोळा गेला त्या माणसाला तुम्ही काय शब्द दिला होता? त्याची मुलगी तुमच्या वर्गात नव्हती, एवढंच ना? मी आबांना हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्ये तेवढं मला इचारू नगंस." मग ते तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिले, भर दुपारी. मी तुम्हाला विचारतेय. तुम्ही तरी कुठं उत्तर देणार आहात?

तिसऱ्या दिवशी मी अक्कांना फोन करून येते म्हटलं. कार्यक्रम नेहमीसारखाच झाला. दीपप्रज्वलन, नारळ, मालकांचा मुलगा अध्यक्षस्थानी. लोक तुमच्या शिस्तीबद्दल बोलले, तुमच्या साधेपणाबद्दल बोलले. माझं नाव पुकारलं. मी लिहून काही नेलं नव्हतं. मी म्हटलं, सरांनी मला जे शिकवलं त्यावर मी आजवर पोट भरलं. त्यांच्यासारखं शिकवणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. मग म्हटलं, माझे वडील फाउंड्रीत काम करायचे. ग्राइंडरचा दगड फुटून त्यांचा हात गेला. चौकशीत त्यांचा दोष ठरला. त्यांचा दोष नव्हता. मशीनला गार्ड नव्हता, तो नंतर बसवला होता, त्याचा रंगसुद्धा वाळला नव्हता. सरांनी ते स्वतः बघितलं होतं आणि साक्षीत वेगळं सांगितलं. पुढं त्याच मशीनवर आणखी एका माणसाचा डोळा गेला. पाटी लावताना हेही इथं कुणीतरी बोललं पाहिजे, म्हणून बोलले. मागं कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली आणि मधेच थांबवली. अध्यक्षांनी मोबाइल काढला.

खाली येऊन बसले तर अक्कांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं आता हात झटकतील, नाहीतर रडतील. त्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "आबांचं बोलली न्हाईस." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं, मी तुमच्या उंबऱ्यात ओरडत होते तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, "नाही." त्यांनी मान हलवली. "बरं केलंस. त्यांचं वय झालंय." आणि त्या समोर बघत बसून राहिल्या, तुमच्या फोटोकडे. पुढचा वक्ता बोलायला लागला तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट खरी सांगून टाकते. आबांचं नाव मी ऐनवेळी गाळलं असं नाही. घरातून निघतानाच ठरवलं होतं की ते सगळं तुमच्या एकट्याच्या माथी राहू द्यायचं. तुम्हाला त्याची सवय आहे, असं मला वाटलं.